भिंतीकडे तोंड

एकबारी रायफल ही विचारी माणसाची रायफल, असं उपसरांचं ठाम मत होतं. एक काडतूस भरा, बार उडवा, मग खालची कडी ओढून रिकामं काडतूस काढा, दुसरं भरा. मधल्या वेळात माणसाला आपण काय केलं याचा विचार करायला फुरसत मिळते. हल्लीच्या धडाधड सुटणाऱ्या बंदुकांत ही सोय नाही आणि म्हणूनच जगाची ही दशा झाली आहे, हे ते येईल त्या पाहुण्याला समजावून सांगत. पाहुण्याच्या हातात गरम चहा असे, त्यामुळे त्याला पळता येत नसे.

स्वतः उपसरांनी आयुष्यात एकही गोळी उडवली नव्हती. वाऱ्यानं दार आपटलं तरी ते दचकत. त्यांना हवी असे ती गंजलेली, मोडकी, कुणाच्या तरी माळ्यावर विसरलेली रायफल. तिचा गंज काढायचा, दस्त्याच्या लाकडात तळव्यानं तेल जिरवायचं, आणि काळ्या थराखालून जुन्या कारागिराची नक्षी डोकावली की "अगं, इकडे ये, बघ!" म्हणून बायकोला हाक मारायची. बायको हातातलं काम टाकून येई, बघे, "छान" म्हणे, आणि तेलाचा हात पडद्याला कुणी पुसला ते विचारून परत जाई.

उपसर हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. शाळेत ते उपमुख्याध्यापक होते, आणि इतकी वर्षं होते की मुख्याध्यापक आले, गेले, काही तर परत आले, पण हे जिथल्या तिथे. व्याकरणात उपसर्ग शब्दाच्या आधी लागतो. यांच्या बाबतीत त्यानं पुढचा शब्दच गिळला. निवृत्तीनंतर भाजीवालीसुद्धा त्यांना उपसर म्हणू लागली, तेव्हा त्यांनी कोथिंबिरीसाठी वेगळी भाजीवाली शोधली. तिला ते नाव आधीच ठाऊक होतं.

तर या उपसरांना एका जुन्या बंगल्यातल्या आजीबाईंचा निरोप आला. बंगला रिकामा करायचा आहे, सासऱ्यांची एक बंदूक आहे, हवी तर न्या. उपसर धावले. घोंगडीत गुंडाळलेली ती रायफल उघडली आणि त्यांचा श्वासच अडकला. लांब अष्टकोनी नळी, अक्रोडाचा दस्ता, कडीवर कोरलेली वेल. फक्त एकच गोष्ट वाईट होती. कडी हलत नव्हती. या जातीच्या रायफलीत कडी खाली ओढली की नळीच्या मागचा लोखंडी ठोकळा खाली सरकतो आणि काडतुसाची जागा उघडी पडते. इथे ठोकळा गंजून असा बसला होता की जणू पुन्हा कुणी उघडू नये अशी त्याची इच्छाच होती.

"याचं काय द्यायचं?" उपसरांनी विचारलं.

"काही नको. नुसती न्या." आजीबाई दारापर्यंत आल्या. "जपून हं."

रायफलीला जपा असं त्या म्हणताहेत, असं समजून उपसरांनी मान डोलावली. एवढी देखणी चीज एखादी बाई नुसतीच देऊन टाकते, तेव्हा खरं तर मनात पाल चुकचुकायला हवी. पण संग्राहकाच्या मनातली पाल फार लवकर मरते.

सरकारी नोंद करणं भाग होतं. उपसर कायद्याचे पक्के. त्यांच्या आधीच्या साऱ्या रायफली रीतसर निकामी केलेल्या, कागदपत्रांसकट भिंतीवर. शस्त्रविभागाच्या कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला.

"नंबर?"

"तो ठोकळ्याच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. ठोकळा गंजून बसलाय."

"मग बंदूकवाल्याकडून उघडून आणा."

"त्याच्याकडे जाऊन आलो. नोंद नसलेल्या हत्याराला तो हात लावत नाही म्हणे."

"बरोबर आहे त्याचं."

"मग नोंद करा ना."

"करतो की. नंबर?"

उपसरांनी मुलांना अपूर्णांक शिकवले होते. पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारा भागाकार त्यांना नवा नव्हता. शेवटी कारकुनाला दया आली आणि त्यानं तात्पुरती पोच फाडून दिली.

"तोवर हत्यार तुमच्या घरी, तुमच्या जबाबदारीवर. रिकामं आहे ना?"

"रिकामंच आहे हो," उपसर हसले. "कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही."

कारकुनानं "रिकामे" असं लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली.

म्हणजे ठोकळा आता घरीच सोडवायचा होता. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधे एक चिंचोळी खोली होती. तिथे उपसरांचं कामाचं टेबल. टेबलाचं एक टोक स्वयंपाकघराच्या दाराकडे, दुसरं कोऱ्या भिंतीकडे. खिडकीचा उजेड भिंतीच्या बाजूला पडे, त्यामुळे ठोकळा तिकडे आणि नळीचं तोंड स्वयंपाकघराकडे, अशी त्यांनी रायफल फडक्यावर आडवी ठेवली. ठोकळ्यात तेल सोडलं. नळीत सळई घालून पाहिली. नळी जुन्या वंगणानं आणि कचऱ्यानं तुंबलेली होती, आणि शेवटी सळई ठप्पकन थांबली.

"उंदराचं घरटं असणार," वरच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले. हे पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. जगातल्या कुठल्याही घटनेमागे प्रेशर असतं यावर त्यांची श्रद्धा होती, म्हणून इमारतीत त्यांना प्रेशरकाका म्हणत. त्यांनी नळीच्या तोंडाला डोळा लावून बराच वेळ आत पाहिलं. "काहीच दिसत नाही. म्हणजे नक्की उंदीर."

त्या दिवशी उपसर दुपारी जरा आडवे झाले. उठून पाहतात तो रायफल उलटी. नळीचं तोंड कोऱ्या भिंतीकडे.

पहिल्यांदा त्यांना फक्त राग आला. ठोकळा अंधारात गेला होता आणि तेल ओघळून फडक्यावर आलं होतं. पण बायकोला विचारायचं म्हणजे पडद्याचा विषय निघणार. त्यांनी गुपचूप रायफल फिरवून ठेवली, दारातून बाहेर जाऊन वर्तमानपत्र घेऊन आले, आणि रायफल पुन्हा भिंतीकडे.

"तू हात लावलास का याला?"

"मी कशाला लावू तुमच्या त्या लोखंडाला?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "मलाच विचारायचं होतं. सारखी काय तिची तोंडं फिरवत बसता?"

ही चोराच्या उलट्या बोंबा आहेत, हे उपसरांच्या लक्षात आलं. पण संसारात काही युद्धं न बोलता लढायची असतात. तेव्हापासून त्या घरात एक मूक लढाई सुरू झाली. उपसरांनी रायफल स्वयंपाकघराकडे करावी, खोली रिकामी व्हावी, आणि परत यावं तर ती भिंतीकडे. आंघोळीला गेलं की भिंतीकडे. दार उघडायला गेलं की भिंतीकडे. आवाज कधीच नाही. एवढं जड लोखंड लाकडी टेबलावरून फिरतं तर काहीतरी खडखडायला हवं. घरात मात्र भांडी, नळ आणि रस्त्यावरचे हॉर्न यांच्याशिवाय काही ऐकू येत नसे. शाळेत असताना उपसर दंगेखोर पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं करत. आपलीच शिक्षा आपल्याच रायफलीला कुणीतरी देतंय, हे त्यांना फार लागलं.

एक गोष्ट मात्र त्यांना बोचत राहिली. रायफल फिरली की तिच्याखालच्या फडक्याची नीट घडी घातलेली असे. बायको घडी चौकोनी घालते. ही घडी लांबट होती, कडा एकमेकींवर अशा बसवलेल्या की जणू पट्टी लावून आखल्यात.

मग उपसरांनी शेवटचं अस्त्र काढलं. टेबलाच्या कडेला लोखंडी शेगडा होता, म्हणजे लोहाराकडे असतो तसला पकडीचा. त्याच्या जबड्यात रायफल घट्ट आवळली. आवळताना त्यांना दोन्ही हात आणि एक गुडघा लावावा लागला. तृप्त मनानं ते बाहेर फिरून आले. शेगडा उघडा होता. रायफल भिंतीकडे. फडक्याची घडी लांबट.

उपसर बराच वेळ त्या शेगड्याच्या दांड्याकडे बघत उभे राहिले. बायकोचं मनगट त्यांना ठाऊक होतं. लोणच्याची बरणी उघडायलाही ती त्यांना हाक मारी. त्यांच्या मानेवरून कुणीतरी थंड हात फिरवल्यासारखं झालं. मग त्यांनी स्वतःला समजावलं की संतापलेल्या बाईच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं, आणि चहा करायला सांगितला.

प्रेशरकाकांना त्यांनी आडून आडून विचारलं.

"साधी गोष्ट आहे," काका म्हणाले. "समोरासमोर खिडक्या. हवेचा दाब इकडून तिकडे. वस्तू फिरणारच."

"एवढी जड?"

"प्रेशरला वजन कळत नाही, उपसर."

त्याच सुमारास मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. वय झालं होतं, पण अक्कल वाटेतच कुठेतरी उतरली होती. त्यानं आल्या आल्या रायफल उचलली, खांद्याला लावली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून "ताई, हात वर!" म्हणून ओट्यापाशी उभ्या असलेल्या बहिणीवर नेम धरला.

"ठेव रे ती खाली," बायको न वळता म्हणाली. "रिकाम्या बंदुकीनं तरी काय मारणार तू?"

मेहुणा हसत होता. हसता हसता नळी हळूहळू बाजूला जाऊ लागली. ती नुसती खाली वाकली असती तर उपसरांना काही वाटलं नसतं, पण ती आडवी सरकत होती. दाराच्या चौकटीवरून, कपाटावरून, सावकाश, एखाद्या वडीलधाऱ्यानं लहान मुलाचा हात धरून बाजूला करावा तशी. ती कोऱ्या भिंतीपाशी येऊन थांबली. मेहुण्याचे दात अजून दिसत होते, पण हसू गेलं होतं.

"भावोजी, तुम्ही धरली का नळी?"

उपसर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. दोन्ही हातांत चहाचे कप होते.

"पुढून फार जड आहे हो," मेहुणा म्हणाला. रायफल त्यानं एखादं झोपलेलं मूल ठेवावं तशी टेबलावर ठेवली. तो जेवायला थांबणार होता. थांबला नाही. हा प्रकार त्याच्या बाबतीत प्रथमच घडत होता.

एखाद्या समंजस माणसानं इथे घोंगडी गुंडाळून रायफल परत केली असती. पण उपसरांचा आत्मसन्मान दुखावला होता. आयुष्यभर वरचा कुणीतरी आपली फाईल फिरवत आला, आता घरातही? त्यांनी ठरवलं, काही झालं तरी ठोकळा उघडायचा, नंबर मिळवायचा, नोंद करायची आणि भिंतीवर खिळे ठोकून तिला कायमची जखडायची.

"तापवा," प्रेशरकाका म्हणाले. "लोखंड तापलं की फुगतं, गंज सुटतो. गॅसवर धरा मागची बाजू. मी आहे ना."

बायको काकांच्या घरी वर गेली होती. दोघांनी रायफल स्वयंपाकघरात नेली. काकांनी दस्ता धरला, उपसरांनी नळी टेकवायला ओट्यावर उलटं पातेलं ठेवलं आणि गॅस पेटवला. निळी ज्योत छान लागली. ठोकळा तिच्यावर नेला. ज्योत विझली.

"वारा," काका म्हणाले.

खिडकी लावली. पुन्हा पेटवली. ठोकळा जवळ नेताच ज्योत खाली बसली आणि विझली. शेजारचा बर्नर पेटवून पाहिला. विझला. रायफल दूर केली की गॅस लागे, जवळ आणली की जाई. विझण्याआधी ज्योत क्षणभर आडवी होई, कुणीतरी ओठ जवळ आणून फुंकर मारावी तशी. उपसरांना त्या फुंकरीची झुळूक चक्क मनगटावर लागली. ती ऊनही नव्हती आणि गारही.

"सिलिंडरचं प्रेशर गेलं," काकांनी निदान केलं, आणि यात मात्र ते इतके आनंदले की त्यांनी स्वतः गॅसवाल्याला फोन केला. फोनवर आधी ग्राहक क्रमांक, मग तो क्रमांक बायकोच्या नावावर का, मग खुद्द त्यांनाच बोलवा, मग तक्रार गळतीची की ज्योतीची, गळतीची असेल तर वेगळा विभाग. अखेर माणूस आला. त्यानं गॅसची नळी तपासली, बर्नर पेटवले, ज्योत वितभर उंच केली.

"उत्तम आहे सगळं. कुणी सांगितलं बिघाड आहे?"

काका छताकडे बघू लागले. गॅसवाला निघताना ओट्यावरच्या रायफलीकडे पाहून थबकला आणि काही न विचारता जरा घाईनंच जिना उतरला.

"माझ्याकडे ब्लो-टॉर्च आहे," काका म्हणाले. "खात्याची आठवण. आणतो. ती विझायची नाही, तिला स्वतःचं प्रेशर आहे."

काका वर गेले. उपसर हात धुवायला बेसिनपाशी गेले. त्यांची पाठ वळली ती साबण लावण्यापुरती. परत वळले तर ओटा रिकामा.

टेबलावर रायफल नव्हती. घोंगडीत नव्हती. ती सापडली मोरीत. पाण्यानं काठोकाठ भरलेल्या बादलीत दस्त्यापासून ठोकळ्यापर्यंत बुडवून ठेवलेली, नळी भिंतीच्या कोपऱ्याला टेकवलेली. बादलीखाली फडकं होतं. घडी लांबट.

अक्रोडाचा दस्ता! किती आठवड्यांचं तेल! उपसरांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. नेमकी त्याच वेळी बायको दारातून आत आली.

त्यानंतर उपसर जे बोलले ते इतक्या वर्षांच्या संसारात कधी बोलले नव्हते. माझ्या आयुष्यात एक गोष्ट माझी म्हणून होती, तीही तुला बघवत नाही. एवढाच आकस असेल तर तोंडावर बोलायचं होतं. काका ब्लो-टॉर्च घेऊन आले होते, ते उंबऱ्यातूनच मागे फिरले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. बादलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. ते आपटलं असतं तर उपसरांना बरं वाटलं असतं.

ओली रायफल घोंगडीत घालून ते तडक बंदूकवाल्याकडे गेले. नोंद नाही, नंबर नाही, पोच दाखवली. बंदूकवाला आधी कायदा बोलला, मग कडीवरची वेल पाहिली आणि कायदा विसरला. हा माणूस भारी गर्विष्ठ. गावातल्या कुणालाही बंदुकीतलं काही कळत नाही, हे त्यानं उपसरांना बसवून ऐकवलं. त्यानंही नळीला डोळा लावला.

"घरटं," तो म्हणाला. "शंभर टक्के रिकामी. मला बघूनच कळतं."

त्यानं शेगड्यात रायफल धरली, कुठलंसं उग्र द्रावण सोडलं, लाकडी हातोडीनं बाजूबाजूनं टकटक केली, आणि बढाया मारत मारत कडी ओढली. पहिल्यांदा कुरकुर झाली. मग ठोकळा एकदम खाली सरकला.

आत पितळेचं गोल बूड चमकत होतं.

बंदूकवाल्याचा हात कडीवर तसाच राहिला. मग त्यानं, ज्या माणसानं आत्ताच त्या नळीत डोळा घातला होता त्याच माणसानं, कपाळावरचा घाम पुसला आणि चिमट्यानं ते काडतूस इतक्या हळू बाहेर काढलं की उपसरांना स्वतःचा श्वास मोठा वाटू लागला.

"मेलेलं असेल," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "इतकं जुनं कधीच मरतं."

त्यानं गोळी उपसून काढली, आतली दारू पत्र्याच्या ताटलीत ओतली. ती कोरडी होती, बादलीतलं पाणी तिच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. त्यानं लांब पेटती काडी टेकवली. फस्सकन पांढरा जाळ छताच्या दिशेनं उठला आणि दुकानभर करपट वास पसरला.

"ठोकळ्यावर उष्णता बिष्णता दिली नाहीत ना?" बंदूकवाल्यानं विचारलं.

उपसरांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांना ओटा दिसत होता, उलटं पातेलं दिसत होतं. त्यांना मेहुणा दिसत होता, आणि त्याच्या नेमासमोर पाठमोरी उभी असलेली बायको. तिचा दुखरा खांदा, त्यावर टोचलेली पदराची पिन.

घरी आले तेव्हा आतलं दार अजून लोटलेलंच होतं. ते तिच्या शेजारी पलंगावर बसले आणि काडतुसाची हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्ही फिरवत होता ते बरंच होतं."

"मी?" उपसर म्हणाले. "मी तर स्वयंपाकघराकडे करायचो. भिंतीकडे तू करत होतीस."

"मी कधीच हात लावला नाही. शप्पथ."

"भिंतीकडे मीही केली नाही."

पंखा फिरत होता. दोघांनी एकाच वेळी मधल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिकडे टेबलाचा कोपरा दिसत होता, त्यावर ऊन पडलं होतं, आणि बाकी काही नव्हतं. बायकोचा हात उपसरांच्या हातावर आला. तो बर्फासारखा होता.

"बादलीचं मी बोलायला नको होतं," उपसर पुटपुटले.

"नकोच होतं," ती म्हणाली. हात मात्र तिनं काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं आजीबाईंकडे गेले. बंगल्यात खोकी बांधून तयार होती. आजीबाईंनी काडतुसाचं ऐकून छातीला हात लावला, पण भिंतीकडे तोंड फिरण्याचं ऐकून मात्र त्यांना काही नवल वाटलं नाही.

"आमच्याकडेही तशीच असायची. मी झाडताना सरळ करायचे, वळले की भिंतीकडे. मला वाटायचं मामंजी करतात. मोठे काटेकोर होते."

"आणि ते गेल्यावर?" बायकोनं विचारलं.

"तेव्हाही फिरायची. मग मी सरळ करणं सोडून दिलं." आजीबाई बायकोकडे वळल्या. "मी यांना म्हटलं होतं ना, जपून म्हणून?"

काडतूस निघालं म्हणजे जबाब आला. शस्त्रविभागाच्या कारकुनानं जुना कागद काढून त्यावरच्या "रिकामे" या शब्दावर बोट ठेवलं आणि उपसरांकडे असं पाहिलं, जसं उपसर नापास मुलांकडे पाहत असत.

"रायफल बादलीत कुणी ठेवली?"

"ते... माहीत नाही."

"म्हणजे अज्ञात इसम. अज्ञात इसम घरात शिरला, तर आधी घरफोडीची तक्रार हवी. ती वेगळ्या खिडकीवर."

"फोडलं काही नाही हो. चोरलंही नाही."

"मग इसम ज्ञात आहे. नाव?"

उपसर घामाघूम झाले. खोटं लिहवेना आणि खरं सांगितलं तर आपल्याला कुठल्या खिडकीवर पाठवतील याचा त्यांना अंदाज होता. तेवढ्यात मागून बायको पुढे झाली.

"लिहा," ती म्हणाली. "घरातल्याच एका माणसानं, काळजीपोटी."

कारकुनानं तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तसंच लिहिलं. त्याच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. उपसरांनी सही केली.

यथावकाश नंबर मिळाला, नोंद झाली, नळी कायमची बंद झाली आणि रायफल मधल्या खोलीच्या भिंतीवर खुंट्यांवर चढली. नळीचं तोंड स्वयंपाकघराकडे. मुद्दामच तशी लावली होती. दोघंही येता-जाता बघत. ती हलली नाही. दुपारची झोप झाली, बाजार झाला, पाहुणे आले गेले. रायफल जिथल्या तिथे.

सुटलो, असं उपसर मोठ्यानं म्हणाले. पण बायको आता बाहेर पडताना गॅसची कळ पुन्हा पुन्हा तपासू लागली. इस्त्रीचं बटण बघायला जिन्यातून परत येऊ लागली. एकदा मधल्या खोलीत नुसतीच उभी दिसली.

"काय झालं?"

"काही नाही. घर उघडं पडल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "इतके दिवस कुणीतरी बघत होतं. आता काम झालं, गेलं असेल."

उपसरांना ते सहन होईना. बायको समाधानी असावी, निदान तिच्या असमाधानाचं कारण आपण असावं, एवढी माफक अपेक्षा प्रत्येक नवऱ्याची असते. एका सकाळी ती दूध आणायला खाली उतरली, तेव्हा त्यांनी स्टुलावर चढून रायफल खुंट्यांवरून काढली आणि उलटी लावली. तोंड भिंतीच्या कोपऱ्याकडे. आवाज होऊ दिला नाही. हातातल्या फडक्याची जमेल तशी लांबट घडी घालून ती टेबलावर ठेवली. ती येईल, पाहील, हुश्श करील. मग ते चष्मा पुसत खिडकीशी गेले आणि खाली बघू लागले. बायको दुधाची पिशवी घेऊन फाटकातून आत येत होती. मधेच प्रेशरकाकांनी तिला गाठलं आणि हात हलवत काहीतरी समजावायला सुरुवात केली.

उपसर हसले आणि आपलं काम एकदा डोळे भरून बघावं म्हणून वळले.

रायफल सरळ होती. तोंड स्वयंपाकघराकडे, दोन्ही खुंट्यांवर नीट टेकलेली. स्टूल कोपऱ्यात जागच्या जागी गेलं होतं. टेबलावरचं फडकं कुणीतरी उलगडून पुन्हा घातलं होतं, कडेला कड बरोबर लावून.

खाली फाटकाशी बायको अजून काकांचं ऐकत उभी होती. उपसर खिडकीला पाठ लावून निश्चल राहिले. मग त्यांनी घसा साफ केला आणि रिकाम्या खोलीला उद्देशून, शाळेत नव्या मुख्याध्यापकांशी बोलत त्या आवाजात, हळूच म्हणाले, "बरं. तिला मी सांगतो."